बारदेशचं मीठ आणि कुडाळची जकात

मीठ महाग करा, असा हुकूम एखाद्या राजाने काढला तर आपण त्या राजाला काय म्हणू? बरं तर नक्कीच म्हणणार नाही. मीठ ही गरिबाच्या भाकरीसोबतची वस्तू. पण डिसेंबर १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, साधारण याच अर्थाचं एक पत्र आलं. पाठवणारे होते छत्रपती शिवाजी महाराज. रयतेच्या काळजीसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं तेच. मग हा हुकूम कशासाठी? याचं उत्तर शोधायला गेलो की आपण थेट एका अशा विषयात शिरतो, जो आज पदव्युत्तर वर्गात आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र अशा लांबलचक नावाने शिकवतात.

नाव जड आहे, प्रश्न मात्र साधे आहेत. दोन देशांमध्ये माल जातो-येतो तेव्हा त्याची किंमत फक्त बाजार ठरवतो की सत्ताही ठरवते? समुद्र कोणाचा? नाणं कोणाचं चालणार? आणि आपल्या दारात आलेल्या परक्या कंपनीला किती मोकळीक द्यायची? अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावलं, तेव्हा कोळंबी निर्यात करणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तोवर टॅरिफ हा शब्द आपल्याकडे फारसा कोणाच्या बोलण्यात नव्हता. प्रत्यक्षात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

महाराजांचं चरित्र आपण शाळेपासून वाचतो. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर जन्म, मग तोरणा, अफजलखान, पन्हाळा, आग्रा, रायगड. या वाटेवर तलवार आणि घोडा सतत दिसतात. बंदर आणि जकातनाका क्वचितच दिसतात. पण १६५७ नंतरचं त्यांचं अर्धं आयुष्य बंदरांनी आणि जकातीनेच घडवलं.

त्या वर्षी कल्याण आणि भिवंडी हातात आली आणि एका डोंगरी राज्याला पहिल्यांदा समुद्र लागला. आता गंमत बघा. समुद्र लागला म्हणजे समुद्रावर फिरता येतं असं नव्हतं. अरबी समुद्रात तेव्हा पोर्तुगीजांची परवाना पद्धत होती. कार्ताझ नावाचा कागद गोव्याहून विकत घ्यायचा, तो गलबतावर ठेवायचा. कागद नसेल तर जहाज जप्त. अगदी मुघल बादशहाच्या मुलखातली, हज यात्रेकरूंना नेणारी जहाजंही या कागदातून सुटली नव्हती. जमिनीवर केवढंही मोठं राज्य असो, पाण्यावर नियम दुसऱ्याचा. नियम कोण बनवतो आणि तो कोणाला पाळावा लागतो, या विषयाचा पहिला धडा इथेच आहे.

महाराजांनी उत्तर म्हणून जहाजं बांधायला घेतली. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे रुय लैताव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह हे काम करत होता. हे आरमार उद्या आपल्याच विरुद्ध वापरलं जाईल अशी भीती पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली, आणि ती माणसं काम टाकून निघून गेली. आज ज्याला तंत्रज्ञान देण्यास नकार म्हणतात, तो हाच. जहाजं तरीही बांधली गेली. किनाऱ्यावरचे सुतार, कोळी, भंडारी, गाबित होतेच.

पुढचा धडा राजापूरचा. तिथे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. व्यापाऱ्याने तटस्थ राहावं, एवढीच अपेक्षा. पण १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन कंपनीच्या तोफा घेऊन तिकडे पोचला आणि किल्ल्यावर गोळे टाकू लागला. का? तर आदिलशाहीकडून व्यापारी सवलती मिळतील म्हणून. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं, वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांना कैदेत टाकलं. तराजू हातात घेऊन आलेल्या माणसाच्या गाठोड्यात तोफही असते, हे त्यांच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं असणार. कारण त्यानंतर इंग्रजांशी त्यांचा प्रत्येक व्यवहार या घटनेची आठवण ठेवूनच झालेला दिसतो.

मग १६६४. हे वर्ष नीट लक्षात ठेवा, कारण जगाच्या दुसऱ्या टोकालाही या वर्षी बरंच काही घडत होतं. फ्रान्समध्ये कोल्बेर नावाच्या मंत्र्याने परदेशी मालावरच्या जकातींची नवी यादी काढली आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. इंग्लंडने तर आधीच कायदा करून ठेवला होता की वसाहतींचा माल इंग्लिश जहाजांतूनच जाईल. आपला माल, आपली जहाजं, आपलं सोनं घरात राहिलं पाहिजे, असा तो काळ होता. अभ्यासक त्याला व्यापारवाद म्हणतात.

इकडे जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली. मुघल साम्राज्याचं हे सगळ्यात श्रीमंत बंदर. या घटनेला गोड शब्दांत गुंडाळण्याची गरज नाही. ती लूटच होती आणि त्यात व्यापारी भरडले गेले. पण मुघलांशी चाललेल्या युद्धाचा खर्च मुघलांच्याच तिजोरीतून काढायचा, हा हिशेब तिच्यामागे होता. सुरत ही शत्रूच्या अर्थव्यवस्थेची नस होती, म्हणून ती निवडली. १६७० मध्ये ते पुन्हा तिथेच गेले.

त्याच वर्षाच्या शेवटी कुडाळच्या बाजूला आदिलशाही सरदार खवासखानाला मागे रेटून महाराज मालवणला आले. किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट होतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावर जिथे पूजा झाली ती जागा मोरयाचा धोंडा म्हणून आजही मालवणकर दाखवतात. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य, शिवलिंग कोरलेलं आहे. होडीने किल्ल्यात जाणारे बहुतेक पर्यटक ही जागा न बघताच परत जातात, ही आपली एक तक्रार. तीन वर्षांत सिंधुदुर्ग उभा राहिला. जवळपास ४८ एकरांचं बेट, सुमारे तीन किलोमीटरचा वळणावळणांचा तट, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. जवळ पद्मगड, राजकोट, सर्जेकोट.

एवढा खटाटोप कशाला? फक्त लढाईसाठी नाही. मालवणच्या उत्तरेला राजापूर, विजयदुर्ग. दक्षिणेला वेंगुर्ला, जिथे डचांची वखार होती, आणि त्याखाली गोवा. म्हणजे हा किल्ला इंग्रज, डच, पोर्तुगीज या तिघांच्या वाटेवर बसला. जंजिऱ्याचा सिद्दी उत्तरेला होताच. ज्याच्या तोफेच्या टप्प्यातून जहाज जातं, त्याला विचारल्याशिवाय ते जात नाही.

किल्ला पुरा व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १६६५ मध्ये, मालवणहून ८५ छोटी लढाऊ गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन महाराज स्वतः दक्षिणेला निघाले आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं बसरूर हे श्रीमंत बंदर त्यांनी लुटलं. परतताना कारवारला व्यापाऱ्यांकडून खंडणी घेतली, त्यात तिथल्या इंग्रज वखारीच्या वाट्याला ११२ पौंड आले. कंपनीच्या माणसांनी ही रक्कम हिशेबात नोंदवून ठेवली आहे. व्यापारी माणूस, पै न पै लिहिणारच. त्याच सुमाराच्या इंग्रज पत्रांत आणखी एक नोंद सापडते, आणि मला ती लढाईपेक्षा मोलाची वाटते. महाराजांच्या ताब्यातल्या आठ-नऊ मोठ्या बंदरांतून दरवर्षी प्रत्येकी दोन-तीन व्यापारी जहाजं इराण, बसरा आणि मोखा या बाजूंना जात होती. म्हणजे हा राजा परक्यांच्या व्यापारावर नुसता कर लावत बसला नव्हता, स्वतः माल भरून पाठवत होता.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. मिर्झाराजे जयसिंग आले, जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, पुढच्या वर्षी आग्र्याची कैद. ही कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जाऊ. एवढंच लक्षात घ्या, की महाराज आग्र्यात अडकले होते तेव्हाही मालवणला सिंधुदुर्गाचं काम चालू होतं.

नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी बारदेशावर स्वारी केली. बारदेश म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा पोर्तुगीज महाल, म्हापसा वगैरे भाग. महाराजांच्या मुलखातून पळालेल्या देसायांना पोर्तुगीज थारा देत होते, हे कारण. महिन्याभरात तह झाला. आता सीमेवर शांतता होती. आणि शांतता आली की सीमेवरून काय येतं? माल येतो. इथे आपलं मीठ आलं.

कल्पना करा. घाटावरून लमाणांचे बैलांचे तांडे खाली कोकणात उतरतात. पाठीवर धान्य असतं. ते धान्य बंदरात विकायचं आणि परतीला मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन घाट चढायचा. या सगळ्यात मीठ मुख्य, कारण घाटावर ते पिकत नाही. आता बारदेशच्या मिठागरातलं मीठ स्वस्त आणि संगमेश्वरकडचं, म्हणजे स्वराज्यातलं, महाग. व्यापारी कुठे जाणार? अर्थात बारदेशात. त्यात चूक काहीच नाही, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण तांडा एकदा तिकडे वळला की नुसतं मीठच तिकडून घेतलं जात नाही. सोबतचं धान्यही तिथेच विकलं जातं. परतीचे नारळ तिथूनच भरले जातात. सावकार, दलाल, हमाल, होडीवाले, सगळे हळूहळू तिकडे सरकतात. इकडची मिठागरं ओस पडतात आणि मागोमाग बंदरही.

महाराजांनी हे ओळखलं, आणि सरसुभेदाराला कळवलं की बारदेशातून येणाऱ्या मिठावर अशी जबर जकात बसवा, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. तसं केलं नाही तर व्यापारी बारदेशाकडेच ओढले जातील आणि आपली बंदरं बुडतील. हुकूम मोघम नाही. किती जकात, तर दोन किमतींमधला फरक भरून निघेल आणि वर थोडी चढेल इतकी. कोल्बेरने पॅरिसमध्ये बसून फ्रेंच कापडासाठी केलं, तेच कुडाळमध्ये मिठासाठी. दोघांनी एकमेकांचं ऐकलं असण्याची शक्यता नाही. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता.

आता तुमच्यातला कोणीतरी हात वर करेल, की मग घाटावरच्या माणसाला मीठ महाग पडलं नाही का? पडलं असणारच. संरक्षक जकातीचा भार शेवटी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर येतो, राजा कितीही चांगला असला तरी. इथे एका बाजूला मीठ विकत घेणारा होता आणि दुसऱ्या बाजूला मिठागरात उभा राहून मीठ काढणारा. दोघेही रयतच. महाराजांनी मीठ काढणाऱ्याची आणि बंदराची बाजू घेतली. या विषयात बिनखर्चाचा निर्णय नसतो. खर्च कोणावर टाकायचा एवढंच ठरवता येतं. आणि हे ठरवणं हेच राजकारण.

शिरोड्याच्या मिठागरांकडे कधी गेलात तर ही गोष्ट उलट्या बाजूनेही दिसेल. तिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, कारण इंग्रज सरकारने मिठावर कर लावला होता. वस्तू तीच, किनाराही तोच, करही करच. पण एक जकात परक्या मिठापासून इथलं मिठागर वाचवायला लावलेली, आणि दुसरा कर इथल्याच माणसाला त्याच्या खाजणातलं मीठ उचलू न देणारा. दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत.

जून १६७४. रायगडावर राज्याभिषेक. मुंबईहून हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील तहासाठी आला होता. मुंबई तेव्हा कंपनीकडे नवीनच होती. इंग्लंडच्या राजाला ती पोर्तुगालकडून लग्नाच्या आंदणात मिळालेली, आणि त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. अशा सौद्याने मिळालेल्या बेटावरचा हा माणूस दरबारात उभा राहिला आणि त्याने सिंहासनाजवळची एक गोष्ट टिपली. भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू टांगला होता. न्यायाचं चिन्ह म्हणून. व्यापाऱ्याच्या नजरेला तराजू दिसणारच, असं आपण गमतीने म्हणू.

तहाची वीस कलमं होती. इंग्रजांना राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी हव्या होत्या, ते मान्य झालं. आयात मालावर अडीच टक्के जकात, मान्य. राजापूरच्या लुटीची भरपाई दहा हजार होन, मान्य. पण सगळी रोख नाही, काही भाग जकातीच्या सवलतीतून फेडायचा. म्हणजे नुकसानभरपाई हवी असेल तर आमच्याच बंदरात व्यापार करा. आपले मुरलेले मालवणी दुकानदार याला दाद देतील.

खरी ओढाताण दोन कलमांवर झाली. एक नाण्याचं. इंग्रजांना त्यांचं मुंबईचं नाणं स्वराज्यात चालायला हवं होतं. महाराजांचं म्हणणं पडलं की त्यासाठी करार कशाला? तुमचं नाणं वजनाला आणि कसाला खरं असेल तर लोक आपणहून घेतील. नसेल तर मी लोकांवर ते लादणार नाही. याच राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी स्वतःचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली होती. बाजारात कोणाचं नाणं खणखणतं यावरून तिथे राज्य कोणाचं ते कळतं, हे त्यांना इंग्रजांइतकंच ठाऊक होतं.

दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. कोकणात जुना रिवाज होता की किनाऱ्यावर फुटून लागलेलं जहाज राजाचं. इंग्रजांना त्यातून सूट हवी होती. महाराजांनी ती नाकारली. माणसं वाचवू, त्यांना सुखरूप पाठवू, पण माल रिवाजाप्रमाणे. एकाला सूट दिली की उद्या फ्रेंच येतील, डच येतील, तेही मागतील. आज जागतिक व्यापाराच्या करारांत एका देशाला दिलेली सवलत बाकीच्यांनाही द्यावी लागते असा नियम असतो. तो अशाच कटकटीतून जन्माला आला.

आणि ज्या गोष्टीसाठी महाराज वर्षानुवर्षं इंग्रजांच्या मागे होते, त्या म्हणजे तोफा, त्याबाबत कंपनी कायम चाचरत राहिली. कारण तिचा मोठा धंदा सुरतेला होता आणि सुरत मुघलांची. मराठ्यांना उघड तोफा विकाव्यात तर औरंगजेब सुरतेचं दुकान बंद करेल. फायदा इकडेही, भीती तिकडेही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १६७६ मध्ये, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला गेलेलं पत्रही वाचण्यासारखं आहे. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल द्या, बी द्या, मुद्दल हळूहळू फेडून घ्या, व्याज नको. आणि सरकारकडे वसूल म्हणून जो नारळ, खोबरं, सुपारी, मिरी येईल तो माल पडेल भावात विकून मोकळे होऊ नका; नीट साठवा, भाव चढेल त्या हंगामात विका. आंबा-काजूच्या हंगामात दलालाने सांगितलेला भाव मुकाट घेणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे वाक्य कोणी तरी ऐकवायला हवं; अर्थात त्यासाठी साठवणीची जागाही हवी.

१६७७ च्या कर्नाटक स्वारीत डचांना दिलेला कौलही असाच. व्यापाराला परवानगी, जकात अडीच टक्के, पण माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री बंद. डच कंपनी त्या काळी किनाऱ्यावरून गुलाम विकत घेऊन नेत असे. सगळंच विकाऊ नसतं, ही अट एका आशियाई राजाने युरोपीय कंपनीला लेखी घातली. तीही सतराव्या शतकात.

१६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली. इंग्रज आणि सिद्दी दोघांनी मिळून ती थांबवायचा प्रयत्न केला आणि थांबवू शकले नाहीत. मुंबईत शिरणारं जहाज आता मराठ्यांच्या नजरेसमोरून जाणार होतं. पुढच्या वर्षी, ३ एप्रिल १६८० ला, रायगडावर महाराज गेले. वय अवघं पन्नास. पुढे त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांना जपा, पण टोपीकरांना किनाऱ्यावर किल्ला बांधायला जागा देऊ नका, असा सल्ला आला. तो महाराजांच्या अनुभवातूनच उतरलेला आहे, हे उघड दिसतं.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. पण हिशेब मांडल्यावर किल्ला ठेवणं त्यांना परवडेना. म्हणून पावणेचार लाखांवर रुपये आणि आपल्या व्यापाराला त्रास न देण्याचं वचन घेऊन त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदर किल्ल्यासकट कंपनीकडे गेलं, आणि तिथली जकात कोण ठरवणार हा प्रश्न त्या दिवसापासून लंडनचा झाला.